कर्करोगाचे मूळ शोधणारा शास्त्रज्ञ : डॉ. वसंत रामजी खानोलकर

रत्नागिरी : घरातल्या माणसाला कर्करोग झाल्याचा संशय आला, की कोकणातील असंख्य कुटुंबे आजही परळची वाट धरतात. टाटा रुग्णालयाचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. तेथे होणाऱ्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांची माहितीही आता बहुतेकांना असते. मात्र या साऱ्या उपचारांच्या आधी एक पायरी असते आणि तिच्याकडे रुग्णाचे फारसे लक्ष जात नाही. गाठीचा छोटासा तुकडा प्रयोगशाळेत जातो, त्याचे पातळ काप काढले जातात, त्यांना रंग दिला जातो आणि एक तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून ते पाहून त्या गाठीचे नाव कागदावर लिहितो. त्या नावावर पुढचे सारे अवलंबून असते. हे काम करणाऱ्या विकृतिशास्त्राला भारतात भक्कम पाया देणारे आणि त्या पायावर कर्करोग संशोधनाची इमारत उभारणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते. सर्वसामान्य वाचकाला मात्र त्यांच्या कार्याची ओळख अजूनही पुरेशी नाही.

क्वेट्टा ते परळ

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली गावाशी नाते सांगणारे. हा तालुका आज सिंधुदुर्गात असला, तरी १९८१ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात वसंतरावांचा जन्म झाला, तो मात्र कोकणापासून फार दूर, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्टा येथे. तारीख होती १३ एप्रिल १८९५. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी मिळविली.

त्या काळात विलायतेहून परतणाऱ्या डॉक्टरपुढे खासगी व्यवसायाचा राजमार्ग खुला असे. पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही तेथेच होते. विकृतिशास्त्र हा विषय त्या मानाने उपेक्षित. रुग्ण या डॉक्टरचे तोंडही पाहत नाही. त्याचे काम शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि प्रयोगशाळेच्या बाकावर चालते. खानोलकरांनी हीच वाट पत्करली. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. रोग म्हणजे केवळ लक्षणांची यादी नव्हे, शरीराच्या पेशीपेशींत घडणारा बदल म्हणजे रोग, ही दृष्टी डॉक्टरांच्या एका पिढीला या अध्यापनातून मिळाली. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

दरम्यान परळला एक वेगळे रुग्णालय आकार घेत होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाची धुरा खानोलकरांकडे सोपविण्यात आली. वयाच्या पंचेचाळिशीत त्यांना आपल्या आयुष्याचे क्षेत्र गवसले.

एका समजाला धक्का

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक समज सर्वत्र रूढ होता. कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग असून साधे जीवन जगणाऱ्या भारतीयांना तो क्वचितच होतो, असे मानले जाई. हा समज वरवर सुखावणारा होता, पण त्याचे परिणाम घातक होते. जो रोग देशात नाहीच, त्यासाठी रुग्णालये, यंत्रे आणि संशोधन यांवर खर्च कोण करणार?

रुग्णालयांच्या नोंदी तपासणाऱ्या काही संशोधकांनी १९३०च्या दशकातच या समजाविषयी शंका व्यक्त केली होती. खानोलकरांनी परळला जमा होणाऱ्या प्रत्यक्ष पुराव्याच्या आधारे तो निकालात काढला. कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो. साथी, कुपोषण आणि बाळंतपण यांत माणसे तरुणपणीच दगावणाऱ्या देशात उतारवयापर्यंत पोहोचणारेच कमी. शिवाय निदानाची सोय नसल्याने असंख्य रुग्ण नोंद न होताच जात. रोग दुर्मीळ नव्हता, तो दिसत नव्हता. भारतीयांना कर्करोग होतोच, मात्र तो वेगळ्या अवयवांना होतो, हे त्यांचे पुढचे निरीक्षण होते. पाश्चात्त्य देशांत जठर, आतडे आणि फुप्फुस यांचे कर्करोग अधिक, तर परळच्या बाकावर येणारे तुकडे मोठ्या संख्येने तोंड, जीभ, घसा आणि स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे. हा फरक का, या प्रश्नाने त्यांच्या संशोधनाला दिशा दिली.

चुट्टा, खैनी आणि धोतर

या प्रश्नाचे उत्तर खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाबाहेर, लोकांच्या रोजच्या सवयींत शोधले. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे त्वचेचा कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होते. अशाच आणखी तीन प्रकारांचे वर्णन खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

पहिला प्रकार आंध्रच्या किनारपट्टीवरचा. विशाखापट्टणमच्या परिसरातील गरीब स्त्रिया चुट्टा नावाची तंबाखूची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढत. एरवी क्वचित आढळणारा टाळूचा कर्करोग या भागात वारंवार दिसे. दुसरा प्रकार खैनीचा. बिहार आणि उत्तर प्रदेशात तंबाखू व चुना तळहातावर मळून खालच्या ओठाच्या आत धरण्याची रीत. कर्करोगही नेमका त्याच जागी. तिसरा प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचा प्रथम काळवंडते, जाड होते, तेथे न भरणारी जखम होते आणि काही जणांत तिचे रूपांतर कर्करोगात होते. घट्ट बांधलेल्या साडीच्या नाडीमुळे असेच घडल्याची उदाहरणे भारतीय डॉक्टरांनी पुढे नोंदविली.

या तिन्ही निरीक्षणांमागील सूत्र एकच होते. रोगाची जागा सवयीच्या जागेशी जुळत होती. त्याचा अर्थ असा, की या कर्करोगांचे मूळ वंश, दैव वा हवामानात नसून माणसाच्या हातात आहे. आणि जे हातात आहे ते टाळताही येते. शस्त्रक्रिया आणि रेडियम एवढीच साधने असलेल्या त्या काळात ही जाणीव मोलाची होती.

आकड्यांची साक्ष

सूक्ष्मदर्शकाने दिलेला संशय आकड्यांनी सिद्ध करणे आवश्यक होते. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासारख्या संख्याशास्त्र आणि आनुवंशिकी जाणणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घेऊन खानोलकरांनी ते काम केले. ब्रिटन व अमेरिकेतील संशोधकांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला होता. कर्करोगाचे रुग्ण आणि तो नसलेल्या व्यक्ती यांच्या सवयींची पद्धतशीर तुलना, ही त्यामागील रीत. तीच रीत वापरून संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईतील रुग्णांचा अभ्यास केला आणि १९५५ मध्ये ब्रिटनमधील अग्रगण्य वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष मांडले. तंबाखू चघळणे आणि विडी ओढणे यांचा तोंड व घशाच्या वेगवेगळ्या भागांच्या कर्करोगाशी संबंध त्यातून स्पष्ट झाला.

याच सुमारास तोंड उघडणे हळूहळू अशक्य करणाऱ्या एका विकाराकडेही भारतीय डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले. गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साचून ते ताठर होते. खानोलकरांच्या प्रयोगशाळेत या विकाराच्या ऊतकांचा बारकाईने अभ्यास झाला. सुपारीशी जोडला गेलेला हा विकार कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो, हे आज दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

संशोधनाला घर

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रोजच्या निदानाचा भार असतो; मूलभूत संशोधनाला स्वतंत्र घर हवे, ही खानोलकरांची धारणा होती. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. विकृतिशास्त्राबरोबर पेशीशास्त्र, आनुवंशिकी, जीवरसायन, जीवभौतिकी असे विभाग त्यांनी एका छताखाली आणले. कर्करोगाचा प्रश्न एकट्या डॉक्टरने सुटणारा नाही, हे त्यांनी फार आधी ओळखले होते.

माणसे पारखण्याची त्यांची दृष्टीही अशीच दूरची होती. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे या वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर तरुणीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून आल्या आणि भारतातील पहिली ऊतक संवर्धन प्रयोगशाळा त्यांनी परळला उभी केली. स्त्रियांनी प्रयोगशाळेत कारकीर्द करणे अपवादात्मक असलेल्या काळात खानोलकरांच्या संस्थेत त्यांना आपली वाट घडविता आली. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण सन्मान मिळाला.

कुष्ठरोगाचा माग

खानोलकरांचे दुसरे मोठे कार्यक्षेत्र कुष्ठरोगाचे. कोकणपट्टीला हा रोग अपरिचित नव्हता. समाजाने वाळीत टाकलेल्या या रुग्णांच्या त्वचेचे आणि मज्जातंतूंचे तुकडे तपासून रोगाची सुरुवात नेमकी कोठे व कशी होते, याचा शोध त्यांनी घेतला. रोगजंतू मज्जातंतूंच्या आश्रयाने कसे पसरतात याविषयीच्या त्यांच्या अभ्यासाची जगभर दखल घेतली गेली.

कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढविता येत नाहीत, ही संशोधकांची जुनी अडचण. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी एका रुग्णाच्या ऊतकातून वेगळा केलेला जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे काय, यावर वाद झाला आणि नंतरच्या तपासण्यांत तो वेगळ्याच मायकोबॅक्टेरियम गटाच्या जवळचा ठरला. तरीही त्याच्यापासून बनविलेल्या लसीच्या चाचण्या पुढे झाल्या. विज्ञानातील वाटचाल सरळ रेषेत होत नाही, याचे हे बोलके उदाहरण.

मानसन्मानही चालत आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीवर भारताचे प्रतिनिधित्व केले, १९६०च्या दशकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद सांभाळले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषणने गौरविले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही नेमले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

गाठीचे नाव आणि उपचाराची दिशा

खानोलकरांनी आयुष्यभर जोपासलेल्या शास्त्राचे मोल आज सर्वाधिक जाणवते, ते मेंदूतील आक्रमक गाठींच्या उपचारांत. तोंडाच्या कर्करोगामागे तंबाखू सापडते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या सर्वांत आक्रमक गाठीमागे अशी कोणतीही सवय सापडलेली नाही. किरणोत्सर्गाचा पूर्वीचा मोठा संपर्क आणि काही दुर्मीळ आनुवंशिक विकार वगळता तिचे कारण हाती लागत नाही. त्यामुळे येथे प्रतिबंधाचा मार्ग बंद आणि सारी भिस्त अचूक निदानावर.

मेंदूतील गाठींचे पेशींच्या स्वरूपावरून पद्धतशीर वर्गीकरण अमेरिकेतील पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये केले. एकाच जागी, एकाच आकाराच्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एकीचा रुग्ण अनेक वर्षे जगतो आणि दुसरीचा काही महिन्यांत दगावतो, याचे उत्तर पेशींत असते, हे त्यातून दिसले. शतकभरानंतर सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला जनुकीय तपासणी आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार आयडीएच या जनुकात बदल आहे की नाही, यावर प्रौढांतील ग्लायोब्लास्टोमाचे निदान ठरते. एमजीएमटी या जनुकाची स्थिती पाहून औषध कितपत लागू पडेल, याचा अंदाज बांधता येतो.

उपचारांचा क्रम साधारणपणे असा असतो. वाचा, हालचाल, दृष्टी यांना धक्का न लावता जितकी काढता येईल तितकी गाठ शस्त्रक्रियेने काढतात. वाचेच्या केंद्राजवळ गाठ असल्यास रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत शस्त्रक्रिया केली जाते. शस्त्रक्रिया सुरू असतानाच गोठविलेला काप तपासून विकृतिशास्त्रज्ञ प्राथमिक अंदाज देतो. परंतु ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी निरोगी मेंदूत मुळांसारख्या शिरलेल्या असतात. त्या सगळ्या काढणे कुणालाही शक्य नसते. म्हणून पुढे सहा आठवडे किरणोपचार आणि त्यासोबत टेमोझोलोमाइड हे तोंडाने घ्यायचे औषध, नंतर काही महिने केवळ औषध. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व कॅनडातील चाचणीने हा क्रम रूढ केला. केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिने, तर औषधाची जोड मिळालेल्यांचे १४.६ महिने होते. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. वृद्ध आणि अशक्त रुग्णांसाठी तीन आठवड्यांचा लहान कार्यक्रमही वापरला जातो. त्यामुळे प्रवास आणि मुक्काम यांचा भार निम्म्यावर येतो. चिपळूण वा राजापूरहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

गाठ बहुतेकांत पुन्हा उद्भवते, हे कटू सत्य आहे. अशा वेळी आणखी कोणता उपचार आणि कोठे थांबायचे, याचा निर्णय रुग्ण, कुटुंब व डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. तोही अहवालातील नावाच्या आधारेच. चुकीचे नाव म्हणजे बरी होऊ शकणाऱ्या गाठीवर अपुरे उपचार, किंवा बरी न होणाऱ्या गाठीसाठी शेवटच्या दिवसांतील निष्फळ यातायात.

वारसा आणि विसर

खानोलकरांनी घडविलेले केंद्र १९६६ मध्ये टाटा रुग्णालयाशी एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्राचा भाग बनले आणि कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. २००२ मध्ये ती संस्था नवी मुंबईतील खारघर येथे गेली. तेथील संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे. त्याच परिसरात २०२३ मध्ये प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले. लहान मुलांच्या मेंदूतील काही गाठींवर भोवतालच्या निरोगी भागाला कमी इजा करून उपचार करणे त्यामुळे शक्य झाले. रत्नागिरी जिल्ह्यातही चित्र बदलले आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात आणि जिल्ह्यातील रुग्णांची लोकसंख्याधारित नोंदही टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने ठेवली जाऊ लागली. रोग दिसत नाही म्हणून तो नाही, हा जुना समज मोडायला अशा नोंदींहून दुसरे साधन नाही.

मात्र खानोलकरांनी दाखवून दिलेल्या कारणांचे काय? सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले आणि त्यातील बहुसंख्य धूररहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या होत्या. कोकणातील अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिश्री आजही दातांचे औषध समजून हिरड्यांना लावतात. चुट्टा आणि खैनीच्या पंक्तीत बसणारीच ही सवय आहे.

ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला आपला रोग टाळण्याची संधी मिळालेली नसते. त्याच्यासाठी शास्त्रज्ञांना अजून बरीच मजल मारायची आहे आणि ते काम खानोलकरांच्या नावाच्या इमारतीसह जगभरच्या प्रयोगशाळांत सुरू आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र शास्त्राने आपला वाटा कधीच उचलला आहे. परळच्या प्रयोगशाळेतून १९४५ आणि १९५५ मध्ये दिलेला इशारा मिश्रीच्या डबीपर्यंत पोहोचविण्याचे काम उरले आहे आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.